बादलीत पांढरी झालेली परदेशी दारू

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं येतं. माझ्यापुरतंच लिहिते आहे, पण कुणाच्या हाती लागलं तर माफ करावं.

भिंगारला एका निवृत्त साहेबांकडे मी धुणंभांडी, फरशी करते. एका सकाळी मोरीजवळ हिरवी बाटली दिसली, वर परदेशी अक्षरं. मी साहेबांच्या बाईंना फिनेल आणायला सांगितलं होतं, तेच असेल असं वाटलं. बादलीत ओतलं तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. फिनेलचंही तसंच होतं, मग शंकाच उरली नाही. वास मात्र देवळातला येत होता, चैत्रात भैरोबाला वाहतो त्या दवण्याचा, आणि थोडा बडीशेपेचा.

साहेब हुंगत बाहेर आले. "अगं, ही माझी ॲब्सिंथ!"

त्यांच्या मुलानं परदेशातून आणलेली दारू होती. बाई हसत खालीच बसल्या. "आता फरशीला चढणार!" मी मात्र आधी किंमत विचारली. ती माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती.

घरी सासूनं पदराचा वास घेतला. "कुठं पिऊन आलीस गं?"

"आत्या, दारूनं फरशी पुसली."

"व्हय, आन् मी तुपानं लुगडं धुतलं!"

दुसऱ्या दिवशी नळावर बायका कुजबुजत होत्या, साहेबाची बाटली हिनंच रिचवली म्हणून. मला तोंड उघडून बोलता येत नाही. बाईंना एवढंच म्हटलं, "पगारातून कापून घ्या. पैसे भरले की सांगता येईल, प्यायली नाही, सांडली, आणि तीही भरून दिली." त्या नको नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही.

पण ते पाणी पांढरं का झालं, हे डोक्यातून जाईना. शेवटी साहेबांना विचारलंच. बाटलीच्या तळाशी थोडी उरली होती. त्यांनी ती पेल्यात ओतली, वर चमच्यात साखरेचा खडा धरून गार पाण्याची धार सोडली. पेल्यात धुकं उतरल्यासारखं झालं.

"बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही," साहेब म्हणाले. "आणि यात दवण्याच्याच जातीचं एक कडू झुडूप असतं. तिकडचे चित्रकार म्हणायचे, ही प्यायली की हिरवी परी दिसते. माणसं वेडी होतात म्हणून बरीच वर्षं बंदीसुद्धा होती."

"खरंच दिसते का हो परी?"

"फार प्यायल्यावर काय दिसत नाही?"

लोक पिणारी म्हणतातच, तर चव तरी कळू दे, म्हणून चमचाभर घेतली. आधी गोड, मग जिभेच्या मुळाशी काढ्यासारखी कडू. भांडी घासताना मी हळूच इकडेतिकडे बघत होते. खिडकीत एक साळुंकी होती, बाकी कुणी नाही.

दिवाळीच्या पगारात शेवटचे पैसे कापले गेले. त्या संध्याकाळी नळावर हंडा भरताना मी आपण होऊन बोलले, "साहेबांच्या बाटलीचे पैसे फिटले. सगळे."