मधलं वर्ष

बहरीनमधल्या अदलिया वस्तीतून निघून अर्धाअधिक रस्ता सरला होता. मागून आलेली टॅक्सी हॉर्न वाजवून पुढे गेली, तशा प्रभावतीताई जागीच थांबल्या.

"नीला, मघाचाच होता हा. तोंड पाहून ठेवलं का त्याचं?"

"अहो ताई, दोन बायका पायी चाललेल्या दिसल्या की प्रत्येक टॅक्सीवाला हॉर्न देतो. इथे पायी चालतं कोण? आणि मघाची गाडी वेगळी होती."

"गाडी बदलली म्हणून आतला माणूस बदलते काय?"

नीला हसली. पण ताईंच्या मनात टॅक्सीवाला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या बाब अल बहरीनच्या कमानीमागे, कापडदुकानांच्या वर एका फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी बुद्धवंदना होई. आज वंदना आटोपली की तिथेच ताईंच्या लेकीच्या, श्रावस्तीच्या लग्नाची तारीख ठरायची होती. मुलगा उज्ज्वल तायडे, एसी टेक्निशियन. श्रावस्तीचा होकार होता, तिच्या वडिलांचा, जगदीशरावांचाही होता. आईचा तेवढा अडला होता.

दोघी सनाबिसला एकाच बिल्डिंगमध्ये राहायच्या. शुक्रवारी नीला अदलियातल्या दोन घरच्या मुलांना मराठी वाचायला शिकवी आणि ताई तिथेच लिम प्रोफेसरांच्या बंगल्यावर कामाला असत. मग दोघी मिळून बाजारापर्यंत चालायच्या. पुढे ताई वंदनेला, नीला गल्लीतल्या देवळात.

ताई मुर्तिजापूरकडच्या. मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या, जगदीशरावांच्या मागोमाग इथे आल्या. कंत्राटदाराच्या ऑफिसात बरीच वर्षं कामगारांच्या फायली सांभाळल्या. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा लिम प्रोफेसर भेटले. मूळचे सिंगापूरचे, जावई बँकेत म्हणून म्हातारपणी इकडे आलेले. चीनमध्ये बादशहाचं राज्य होतं तेव्हा सरकार आपल्या अंमलदारांची नावं दर हंगामाला छापून काढायचं, कोण कुठल्या गावचा आणि कुठल्या हुद्द्यावर. प्रोफेसरांनी त्यावरून खोकीच्या खोकी भरतील एवढी कार्डं केली होती. इथे सापडलेला अमुक आणि काही वर्षांनी दुसऱ्या मुलखात सापडलेला त्याच नावाचा अमुक हा माणूस एकच की दोन, ते ठरवून ताईंनी कॉम्प्युटरवर चढवायचं. चिनी वाचता येत नव्हतं, पण अक्षरांची चित्रं त्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ताडून बघत. नाव जुळलं की दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. ताईंना संशय येई.

"नावाचं काय घेऊन बसलीस," त्या म्हणायच्या. "आम्ही धम्म घेतला ना, त्याच्यानंतर वस्तीत पोरगा झाला की सिद्धार्थ. मास्तर हजेरी घ्यायचा तं सिद्धार्थ म्हटलं की चार जण उभे. एकाचा मार दुसऱ्याले बसायचा."

आणि आता हीच नजर होणाऱ्या जावयावर आली होती. अकोल्याहून त्यांची नणंद गोदाबाई फोनवर म्हणाली होती, मुर्तिजापूरकडचा कोणी उज्ज्वल तायडे बायकोला टाकून गल्फमध्ये पळाला म्हणतात, तुमचा तोच नव्हे ना? नाव तेच, मुलूख तोच. त्यात हा मुलगा ब्याण्णव साली बहरीन सोडून घरी गेलेला आणि वर्ष उलटल्यावर नव्या व्हिसावर परत आलेला. मध्ये काय करत होतास, विचारलं तर "घरीच होतो," एवढंच बोलला.

"श्रावस्ती काय म्हणते?" नीलाने विचारलं.

"ती काय म्हणते! 'मम्मी, ही इज नॉट युवर चायनीज फाइल,' म्हणते अन् दार लावून घेते."

"मग बरोबरच आहे तिचं. चार सिद्धार्थ असतात, तर दोन उज्ज्वल नसतील?"

"असतीलही. पण मधलं वर्ष? ते कुठं गेलं?"

"ताई, राग मानू नका. दुसरा कुठलाही मुलगा आणला असता ना, तरी तुम्ही त्याचं काहीतरी काढलंच असतं. एकुलती एक आहे म्हणून."

ताई पदर सावरून चालत राहिल्या. नीलाला वाटलं, आपण जास्तच बोललो. सिग्नल ओलांडून बाजाराच्या बाजूला आल्या, दिवेलागणीची, मगरीबची अजान सुरू झाली, तेव्हा ताईंनी तोंड उघडलं.

"मागं एक कार्ड आलं होतं. एका जिल्ह्याचा अंमलदार. चांगला चालला होता, अन् एकदम गायब. तीन वर्षं कुठंच नाही. मग पार दुसऱ्या टोकाले तेच नाव, तेच गाव. म्या लिहून टाकलं, दोन माणसं. चालती नोकरी सोडून एवढा कोण घरी बसते? प्रोफेसर म्हणाले, मिसेस प्रभावती, याची आई मेली असेल. तिकडं तव्हा नेमच होता. आई नाहीतं बाप गेला की नोकरी सोडून घरी दुखवटा पाळायचा."

"मग?"

"मग काय. आई मेली असेल, हे माह्या मनातच नाही आलं. मले त्या वर्षांत नुसती लबाडी दिसली."

नीला चालता चालता थांबली. "उज्ज्वलला आई आहे?"

"नाही."

"कधी गेली?"

"कोणी विचारलंच नाही. मीबी नाही."

"का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं अन् त्यानं सांगितलं असतं ब्याण्णवात गेली, तं मी म्हटलं असतं, पाहा, मेलेल्या आईच्या आड लपते."

बाब अल बहरीनची कमान मागे पडली. कापडगल्लीत दिवे लागले होते. फ्लॅटच्या जिन्याखाली उज्ज्वल उभा होता. पांढरा शर्ट, एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांचा पुडा. कुणा म्हाताऱ्या गृहस्थाला पायरी दाखवत होता. नीलाने त्याला पूर्वी दोनदा पाहिलं होतं, आवडलाही होता. आज मात्र तिची नजर आधी त्याच्या बोटांकडे गेली, अंगठीचा वळ दिसतो का म्हणून. तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने दोघींना पाहिलं. "जयभीम, मावशी," तो तिथूनच म्हणाला आणि जागचा हलला नाही. आपल्यावरून काय चाललंय, हे त्यालाही कळलेलं होतं.

"जयभीम," ताई म्हणाल्या. मग नीलाचा दंड धरून तिला शिंप्याच्या बंद दुकानाच्या ओट्याशी घेऊन आल्या.

"आज आधी वर ये. तुह्या देवाकडे मग जा, तो रागावत नाही. अन् तू विचार त्याले मधल्या वर्षाचं. मी विचारलं की चौकशी होते. तो बोलत असला की त्याच्या तोंडाकडे पाह्य. मी जन्मभर फायलीच पाह्यल्या, मले तोंड वाचता येत नाही. तुले खरं वाटलं तं मले नुसतं 'हो' म्हण. मी म्हणीन, कशावरून? मी म्हणीनच, नीला. तव्हा पुरावा म्हणून काही सांगू नको."