ज्वारीतली सीडी

खामगावात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. अमडापूरकडची एक बाई सासऱ्यासोबत नवऱ्याचा कम्प्युटर घेऊन आली. नवरा गावात फोटो स्टुडिओ चालवायचा, शेतीही बघायचा. अळी लागणारच नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीला अळी लागली, आणि फवारता फवारता त्यालाच विषबाधा होऊन तो गेला. स्टुडिओ आता तिलाच चालवायचा होता; तो चालला नाही तर तिला त्याच वावरात तण निंदायला जावं लागणार होतं. "मले त्या वावरात पाय नाही ठेवायचा, भाऊ," तिनं आल्याआल्या सांगितलं.

कम्प्युटर बिघडला की आमच्याकडे पहिला इलाज फॉरमॅट, म्हणजे आतलं पुसून सगळं नव्यानं भरायचं. गावातल्या कुण्या शहाण्यानं तो आधीच करून ठेवला होता. फोटो डिस्कच्या दुसऱ्या भागात होते म्हणून वाचले, पण ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, उडाला. त्याच्याशिवाय कार्डाला धड रंग दाखवता येईनात. माणसांचे चेहरे म्हणजे नुसते डाग दिसत. कार्ड जुनं, कंपनीनं साइटवरून त्याचं नावच काढून टाकलेलं. मला फार संताप यायचा अशा वेळी. वस्तू तुम्हीच विकली, ती अजून चालते, मग तिचा ड्रायव्हर ठेवायला काय जड जातं? दिवसभर डोकं फोडलं, मिळाले ते भलतेच ड्रायव्हर.

"कार्डासंग सीडी आली असन ना?" मी विचारलं.

सासऱ्यानं मान खाली घातली. "चकाकत होत्या. पाखरं हाकलाले ज्वारीत बांधल्या म्या साऱ्या."

दुसऱ्या दिवशी बाई ती सीडी घेऊन आली. त्याच वावरातल्या कपाशीतून ज्वारीपर्यंत एकटीच गेली, कोणाले येऊ दिलं नाही, असं सासरा म्हणाला. सीडीवर ओरखडे पडले होते. टूथपेस्ट लावून घासली, आणि रडतखडत का होईना, ड्रायव्हर चढला. स्क्रीनवर रंग आले तेव्हा मलाच भरून आलं.

तिनं लगेच नवऱ्याचा फोटो उघडला. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या फोटोला कोट-टाय चढवतात. जन्मभर बंडी-धोतरात राहिलेला माणूसही भिंतीवर साहेब होऊन बसतो. फोटोत चढवायचा तो कोट त्यानंच गिऱ्हाइकांसाठी कम्प्युटरवर तयार करून ठेवला होता. तिनं त्यात त्याचा चेहरा बसवला. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण बसून राहिलो.

"मोठा काढ बाई," सासरा म्हणाला. "घरात लावू."

"घरात नाही, मामाजी. स्टुडिओच्या दारात लावू. काम सुरू हाय, हे लोकायले दिसलं पाहिजे."