चिठ्ठ्या जमा करणारे काका

पद्मनाभपुरातल्या दातांच्या दवाखान्यात आईचा नंबर यायचा होता, म्हणून मी लॅपटॉप उघडून बसले होते. माझ्या एकाच लांबलचक फाइलमध्ये प्रोग्रॅम आणि तो असा का लिहिला याचं मराठी स्पष्टीकरण एकत्र होतं. त्यातून नुसता कोड वेगळा काढून दुसऱ्या फाइलमध्ये लिहायला माझ्या स्क्रिप्टला दर वेळी सात-आठ मिनिटं लागत.

शेजारचे म्हातारे गृहस्थ शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाले, "इतका वेळ कावून लागून राहिला, बेटा?"

त्यांची सारी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये झाली होती, हे त्यांनी मघाशीच सांगितलं होतं. मी सांगितलं, "का, तर कोडचे शेकडो तुकडे आहेत, काका. प्रत्येकासाठी स्क्रिप्ट तीच फाइल पुन्हा उघडते, तुकडा लिहिते आणि बंद करते. कंटाळून आता हे मराठीच काढून टाकतेय."

"मालाच्या दर चिठ्ठीले गोदाम कावून उघडून राहिली? आमी साऱ्या चिठ्ठ्या जमा करत होतो, मंगच कुलपाले हात लावत होतो."

मी तिथेच बदल केला. तुकडे आधी गोळा केले, फाइल शेवटी एकदाच उघडली. काम काही सेकंदांत झालं. स्क्रीन वळवली, तर त्यांनी कोड सोडून मराठी मजकूर ओठ हलवत वाचला.

"हे नको पुसू," म्हणून ते आत गेले. बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता. माझ्या आभारांवर त्यांनी नुसता हात हलवला.

ऑफिसात नव्याने आलेली नागपूरची मुलगी परवा म्हणाली, "थँक्यू ताई, तुम्ही हे मराठीत लिहून ठेवलं म्हणून मला सगळं समजलं." ते आभार खरे त्या काकांचे होते, आणि मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.