दणकट दाजी आणि हलकी रायफल

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, बंदुकांच्या कारखान्यात वस्तू आपटण्याचा पगार घेतात. खोटं वाटेल, पण आपटणं हेच त्यांचं खातं. नवी रायफल तयार झाली की ती त्यांच्याकडे येते. दाजी ती छातीशी धरून खाली टाकतात. आधी दस्त्यावर, मग नळीवर, मग दोन्ही कुशींवर. नंतर बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, पुढेमागे ओढून बघतात. तो अडकला नाही आणि झाडलेल्या गोळ्या पूर्वीच्याच जागी लागल्या, की दाजी तिच्या चिठ्ठीवर 'टिकाऊ' असा शिक्का मारतात. हा शिक्का दिवसभर त्यांच्या खिशात असतो आणि जेवताना ताटाशेजारी. मी त्याच कारखान्याच्या भांडारात कामाला आहे आणि राहायला त्यांच्या शेजारीच, त्यामुळे मला दाजींपासून सुट्टी अशी नाहीच.

कारखान्यात त्यांना 'दणकट' म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच मागून घेतल्यासारखं आहे. खुर्ची घ्यायला दुकानात गेले की दाजी तिच्यावर बसत नाहीत, तिला उचलतात. जड लागली की मान डोलावतात, नाहीतर नाक मुरडतात. "हलकी आहे," म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी हा शब्द कधीच नुसता वजनाचा नसतो. लग्नाआधी ताईला बघायला आले तेव्हा तिचा किरकोळ बांधा पाहून त्यांनी आमच्या बाबांना विचारलं होतं, "मुलगी जरा हलकी वाटते. टिकेल ना?" बाबा हसले. मी तेव्हाही हसलो नव्हतो.

ताई टिकली. दाजींचा तोंडाचा पट्टा रोज अंगावर घेऊन टिकली. कप फुटला तर तुझ्या माहेरचं सगळंच हलकं, कपाटाचं दार कुरकुरलं तरी माहेरचं, आणि मी दारात दिसलो की, "या, माहेरचाच माल!" ताई कपाचे तुकडे गोळा करते. आपण बरं की आपलं काम बरं, असा तिचा खाक्या.

तर, बंदुकांचे नकाशे काढणाऱ्या खात्यात एक चष्मेवाली मुलगी आली आणि तिने नवी रायफल काढली. डोंगराळ रानात दिवसभर खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या रखवालदारांसाठी. फाटकावर मोठ्ठा फलक लागला: 'आमची सर्वांत हलकी रायफल'. लिहिणाऱ्याच्या मनात वजन असणार, वाचणाऱ्याच्या मनात काय येईल ते त्याला सुचलं नाही. कामगार पोट धरून हसले. दाजी फलकासमोर उभे राहून म्हणाले, "चला, स्वतःच कबूल करतायत ते बरं झालं."

चहाच्या वेळी चष्मेवालीने त्यांना समजावायचा प्रयत्न केला. "काका, ॲल्युमिनियमचा आहे तो फक्त मधला सांगाडा. बार उडताना खरा दाब येतो बोल्टवर. बोल्ट पोलादी आहे, आणि त्याचे दात नळीच्या मागच्या पोलादी कड्यात जाऊन अडकतात. पोलादच पोलादाला धरतं. ॲल्युमिनियमने सगळ्यांना नुसतं सरळ धरून ठेवायचं."

"भांड्यांचा धातू तो," दाजी म्हणाले. "आणि मला काका म्हणू नका."

"धक्का मात्र थोडा जास्त बसेल, काका. वजन कमी आहे ना."

दाजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर आपटला आणि मोठे साहेब ऐकतायत याची खात्री करून जाहीर केलं, "ही माझ्या हातून टिकली, तर हा शिक्का तुमचा. मी पुन्हा या खात्याचं तोंड बघणार नाही. आणि नाही टिकली, तर ही भंगारात आणि तुम्ही परत नकाशे गिरवायला." मुलीचा चेहरा उतरला, पण ती "बरं" म्हणाली.

आपटायच्या जागी एरवी एक जाड रबरी चटई असते. 'फरशी खराब होते' म्हणून दाजींनीच ती कधीतरी अंथरली होती, आणि आम्हा सगळ्यांना ती फरशीइतकीच जुनी वाटत होती. परीक्षेच्या दिवशी मोठ्या साहेबांसकट आम्ही सगळे जमलो, तेव्हा दाजींनी ती पायाने बाजूला सारली. "आज फरशीचं काय व्हायचं ते होऊ दे," म्हणाले.

मग त्यांनी ती रायफल टाकली म्हणणं चूक होईल. डोक्यावर उचलून त्यांनी ती जमिनीवर हाणली. नळीवर, दस्त्यावर, कुशींवर. पुन्हा एकदा कुशींवर, बहुधा रागाने. सांगाड्याला एका कडेला पोचा आला. बोल्ट मात्र लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. दाजींनी स्वतः गोळ्या झाडून बघितल्या. गोळ्या जिथे लागायच्या तिथेच लागल्या. धक्का जास्त बसेल हे दाजींनी ऐकलं नव्हतं. ते त्यांच्या खांद्याने ऐकलं. खांदा चोळत ते उभे राहिले.

"काका," चष्मेवाली म्हणाली, "जुनीसुद्धा एकदा अशीच टाका ना. तुलनेला बरं."

जुनी म्हणजे दाजींची लाडकी, पोलादी सांगाड्याची, लाकडी दस्त्याची, उचलताना कण्हायला लावणारी. दाजींनी ती घेतली. सवयीने त्यांचा पाय चटई ओढायला गेला.

"चटई राहू द्या."

दाजींनी रायफल दोन्ही हातांत धरली, गुडघे वाकवले, हात खाली नेत नेत अगदी पोटरीपर्यंत आणले आणि मग सोडली. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तशी. ते नेहमी असंच करत आले होते. फरक इतकाच की त्याआधी आम्ही कधी दुसरं आपटणं पाहिलं नव्हतं.

"अहो, आपटा," मोठे साहेब म्हणाले. "ठेवू नका."

दाजींनी ती या वेळी छातीपासूनच सोडली. पोलादाला काही झालं नाही. दस्ता मात्र मुठीपाशी आरपार चिरला. दाजींनी इतकी वर्षं शिक्के मारलेल्या सगळ्या रायफलींना तसलाच लाकडी दस्ता होता.

कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. दाजींनी नव्या रायफलीच्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि तो चष्मेवालीपुढे धरला. ती म्हणाली, "शिक्का राहू द्या तुमच्याकडे, काका. चटई तेवढी मला द्या." आणि गुंडाळी करून घेऊनही गेली.

संध्याकाळी ही सगळी हकीकत ताईला मी सांगितली. चवीने सांगितली, खोटं कशाला बोलू? दाजी ताटासमोरच्या पाटावर खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "माझा हात इतका हलका होता, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"कोण सांगणार?" ताई म्हणाली. "तुम्हाला लागू नये म्हणून या घरात आम्ही सगळ्यांनी चटया अंथरल्यात. सासूबाईंनी अंथरली, मुलांनी अंथरली, सगळ्यात जाड मी अंथरली. मला मात्र तुम्ही रोज फरशीवर टाकलंत."

दाजींनी मान वर केली. ताटाशेजारचा शिक्का त्यांनी उचलून खिशात टाकला.

ताईने भाताचं पातेलं आणलं. रोज ती ते अलगद टेकवते. त्या दिवशी तिने ते आपटलं.