एका पावाला काय लावलं

माझी ताई बेकरी चालवते. तीस वर्षं झाली, भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक पावावरून ती दुधात बुडवलेला ब्रश फिरवते, म्हणजे पावाला रंग चढतो. हे काम तिचा हात आपोआप करतो, डोकं तेव्हा दुसरीकडेच असतं. काउंटर मी सांभाळते, त्यामुळे ते डोकं कुठे असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. ते लेकीपाशी असतं.

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, बेकरीतही नाही. याचा ताईला भारी तोरा. त्यामुळे लेक कॉलेजातून सुट्टीला आली आणि "आई, मी व्हीगन झालेय" म्हणाली, तेव्हा ताई खूश. आपल्यासारखीच की!

"तसं नाही गं," लेक म्हणाली. "शाकाहारी माणसाला दूध, लोणी, मध सगळं चालतं. मी प्राण्याकडून आलेलं काहीच घेत नाही."

"गाय काय तक्रार घेऊन आली होती तुझ्याकडे?"

"तिचं दूध तिच्या वासरासाठी असतं, आई."

ताईला ते फार झोंबलं. जन्मभर शुद्ध शाकाहारी राहून पोटच्या पोरीनं आपल्याला नापास केलं, असं तिला वाटलं. त्याच दिवशी तिनं सूपमध्ये गुपचूप चमचाभर लोणी सोडलं. लेकीनं दोनदा मागून घेतलं आणि ताई गालातल्या गालात हसत राहिली. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट निसटली ती माझ्याच तोंडून. मला कुठे काय बोलावं हे कधी कळलेलं नाही. पोरगी भांडली नाही, नुसती रडली. पुढची दोन वर्षं ती घरी यायची ती स्वतःचा डबा घेऊन. आईसमोर बसून ती डब्यातलं खायची, आणि ताई रिकाम्या ताटाला उगाच फडकं मारत बसायची. मला ते बघवायचं नाही.

या वेळी तिचा फोन आला. "मावशी, आईला सांग, डबा आणत नाहीये. तिच्या हातचा पाव खाईन."

झालं! आठवडाभर ताईनं मला सळो की पळो करून सोडलं. वेगळा साचा घासून ठेवला, लोण्याऐवजी तेल घालून वेगळं पीठ मळलं, वरून लावायला साखरपाण्याची वाटी दुधाच्या वाटीशेजारी मांडली. चाळीस पाव गिऱ्हाइकांचे, एक लेकीचा. सगळे भट्टीत गेले आणि ताई ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली.

"मी तिच्या पावाला काय लावलं गं?"

तिला आठवेना. मी साखरपाण्याची वाटी बघितली. थोडं कमी झालं होतं की नव्हतं? एका पावाला लागतं तरी किती! नवं पीठ फुगायला तीन तास लागले असते आणि पोरगी तासाभरात दारात.

"गप्प बस," मी म्हणाले. "थेंबभर दूध, तेही कदाचित. तिला काय कळणार आहे?"

ताई भट्टीपासून दारापर्यंत आणि दारापासून भट्टीपर्यंत येरझारा घालत होती. पाव निघाल्यावर तिनं तो उजेडात धरला, हुंगला, परत उजेडात धरला. मला राग आला तिचा. जवळ आलेली पोर हिच्या खरेपणापायी पुन्हा जाईल, अशी मला भीती वाटत होती.

लेक आली, जेवायला बसली. ताईनं सूप वाढलं. लेकीनं पाव मोडला, पहिला तुकडा तोंडाशी नेला.

"थांब," ताई म्हणाली. मग सगळं सांगून टाकलं.

"तुला खात्री नाहीये?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला? मला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं," ताई म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

लेकीनं तुकडा खाली ठेवला. पाव उचलून माझ्या ताटात टाकला. "मावशी, तू खा." मग सूपची वाटी पुढे ओढली आणि भुकेल्या माणसासारखी खायला लागली. त्यात काय काय घातलंय, हे तिनं विचारलं नाही.