मी बाच्या पुढे पळाले

"बहिरा झालास काय रे? रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?"

शेठ जीपमधून उतरला नव्हता. उतरायची त्याला गरजच नव्हती. त्याने नुसतं डोकं बाहेर काढलं होतं. माझा बाप, त्याला आम्ही बा म्हणायचो, रस्त्याच्या मधोमध उभा होता. डोक्यावर गवताचा भारा. एवढा मोठा भारा घेतला की गवत कानांवरून खाली लोंबतं आणि मागचं काही ऐकू येत नाही. म्हणून बाला हॉर्न ऐकू आला नाही.

मला आला होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाच्या मागून चालत होते. हॉर्न वाजला तशी मी सवयीने रस्त्याखालच्या चरात उतरले, चपला काढून हातात घेतल्या, मान खाली घातली. बाला हाक मारायचं राहून गेलं. माझी पहिली चूक ती.

डोळखांबच्या पुढे डोंगराच्या पोटाला आमचा पाडा. खाली शेठची आंब्याची वाडी. पाड्यावरून बाजाराला जायचा रस्ता वाडीच्या फाटकावरून जायचा. रस्ता सरकारने केलेला, पण शेठची गाडी आली की पाड्यावरच्या माणसाने खाली उतरायचं, पायातलं हातात घ्यायचं, आणि धुरळा बसल्यावर वर यायचं. हे कुणी कधी सांगितलं नाही. आई कडेवरच्या पोराला घेऊन उतरायची, पोर बघायचं. शिकवणी झाली.

शेठ म्हणाला, "भारा टाक. चपला हातात घे. आता पळ गाडीच्या म्होरं. कान उघडतील."

बाने भारा टाकला. आणि पळाला.

मागे जीप, पहिल्या गिअरात. हॉर्नवर हात दाबून ठेवलेला. दिवसभर गवत कापून बाची कंबर मोडली होती. त्याचं पळणं वाईट दिसत होतं. गुडघे बाहेर पडत होते, दोन्ही हातांत एकेक चप्पल, हात फडफडत होते. जीपमध्ये मुंबईची पाहुणे मंडळी होती. ती हसत होती. मी चरातून वर आले आणि बाच्या बाजूने पळायला लागले. का, ते आजही सांगता येणार नाही. भीतीने असेल.

तेवढ्यात जीपमधली एक बाई म्हणाली, "अय्या, पोरगी काय मस्त पळतेय."

तोवर मला कुणी मस्त म्हटलं नव्हतं. कशाबद्दलच नाही. मी वेग वाढवला. बाच्या पुढे गेले. बाई बघते आहे ना, म्हणून वळून पाहिलं. बाई बघत होती. बासुद्धा बघत होता. तोंड उघडं, छातीचा भाता झालेला, आणि डोळे माझ्यावर. मी ते डोळे पाहिले आणि आणखी जोरात पळाले.

फाटकाला मी पहिली पोचले.

बाईने बिस्किटांचा पुडा दिला. अख्खा. मी तो तिथेच फोडला. बा धापा टाकत आला, शेठला वाकून रामराम केला आणि टाकलेला भारा आणायला आल्या वाटेने परत गेला. तो येईपर्यंत मी अर्धा पुडा संपवला होता. घरी आल्यावर आयेने विचारलं, पुडा कुणी दिला. बा म्हणाला, "पोरीला बक्षीस भेटला."

एवढंच. त्यानंतर बा त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. मीही नाही.

लोक मला विचारतात, तुम्ही पळायला कधी सुरुवात केली. मी सांगते, आश्रमशाळेत असताना. साफ खोटं आहे ते.

आश्रमशाळेत मात्र पीटीचे सर भले भेटले. त्यांनी माझे पाय पाहिले आणि रोज सकाळी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आठवीत असताना शहापूरला मॅरेथॉन ठेवली होती. त्या काळी आमच्याकडे रस्त्यावरच्या कुठल्याही शर्यतीला मॅरेथॉनच म्हणत. ही दहा किलोमीटरची होती. मुलींत जी पहिली येईल तिला ठाण्याला खेळाच्या वसतिगृहात घेणार होते. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडे. नाहीतर दिवाळीनंतर आईबापाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे माझं ठरलेलंच होतं. थोरल्या बहिणीचं तेच झालं होतं.

सरांनी स्वतः कॅनव्हासचे बूट आणून दिले. आयुष्यातले पहिले बूट. पुढे कापूस कोंबून घातले.

मी पळाले. खोटं कशाला सांगू, वाऱ्यासारखी पळाले. अर्ध्यावरूनच मागे कुणी दिसत नव्हतं. बाजारपेठ लागली. कमान दिसायला लागली. कमानीखाली सर उभे होते, दोन्ही हात वर करून. फार तर दोन-तीनशे पावलं उरली असतील.

मागे हॉर्न वाजला.

प्रमुख पाहुण्यांची जीप होती. बक्षीस द्यायला वेळेवर पोचायचं म्हणून घाईत होती. रस्ता चांगला रुंद होता, जीप बाजूने सहज गेली असती. पण माझ्या पायांनी मला विचारलं नाही. मी गटाराच्या कडेला उतरले. वाकून दोन्ही बूट काढले. हातात घेतले. मान खाली घातली आणि उभी राहिले.

जीप गेली. तिच्या मागे आणखी एक गेली. मग दोन मुली गेल्या. तिसरीही गेली. मी धुरळा बसायची वाट बघत उभीच.

सरांची हाक ऐकू आली तेव्हा भानावर आले. बूट हातात घेऊन, अनवाणी, चौथी पोचले. माइकवरचा माणूस म्हणाला, "पाड्यावरची आहे, बूट झिजतील म्हणून हातात घेऊन आली." सगळा बाजार हसला. हसणाऱ्यांत मीही होते. काय करावं कळत नव्हतं, म्हणून हसले.

सरांनी बाजूला नेऊन विचारलं, "का थांबलीस?"

मी म्हटलं, "बूट चावत होते, सर."

सरांनी माझे पाय बघितले. एक फोड नव्हता.  ठाण्याला दुसरी मुलगी गेली. मी दिवाळीनंतर भट्टीवर गेले.

भट्टीवरच्या वर्षांचं काय सांगू. चिखल, साचा, उन्हात वीट पालथी करायची. सगळ्यांचं असतं तेच माझं. फरक एवढाच की इतरांवर वेळ आली होती, मी ती ओढवून घेतली होती. मला कुणी चरात ढकललं नव्हतं. शेठ तिथे नव्हता, त्याची जीप नव्हती. शहापूरच्या भर बाजारात मी स्वतःच्या पायांनी उतरले. रात्री पाठ टेकली की तेच समोर यायचं, आणि त्याच्या मागोमाग बाचे डोळे. मला माझीच किळस यायची.

दहावी बाहेरून दिली. दुसऱ्या खेपेला सुटले. पुढे मुरबाडकडच्या एका आश्रमशाळेत कामाठी म्हणून लागले. झाडलोट, पाणी, पोरांची ताटं. शाळेमागून सिद्धगडाच्या बाजूला रस्ता जायचा. एक दिवस पहाटे पाणी तापत ठेवलं आणि उगाच त्या रस्त्यावर पळत निघाले. कितीतरी वर्षांनी. छाती फुटायला आली, पण बरं वाटलं. मग मागून लाकडाचा ट्रक आला, हॉर्न वाजला, आणि मी बघते तर कडेच्या करवंदीच्या जाळीत उभी, चपला हातात.

ट्रकवाला कोण कुठला. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं.

त्या सकाळी मी ताटं घासता घासता रडले. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पळायला लागले. लोकांना वाटलं, बाईला व्यायामाचं वेड लागलं. व्यायाम कसला. मला एवढंच शिकायचं होतं की हॉर्न वाजला तरी पायातलं पायात राहिलं पाहिजे. पहिल्या पावसाळ्यापर्यंत जमलं नाही. उतरायचे, स्वतःला शिवी द्यायचे, परत वर यायचे. पुढे चपला काढायचं बंद झालं. मग चरात उतरायचं बंद झालं, कडेला थांबायचे. मग थांबायचंही सुटलं, पण अंग चोरायचे. हे व्हायला दोन वर्षं गेली. पळायची ताकद त्या नादात आपोआप वाढत गेली.

शाळेतल्या एका बाईंनी माझा फॉर्म भरला. मुंबईची मॅरेथॉन, खरीखुरी, बेचाळीस किलोमीटरची. गेले. तिथे पहिल्यांदा असा रस्ता पाहिला, ज्यावर गाडीच नाही. गाड्या पलीकडच्या गल्ल्यांच्या तोंडाशी उभ्या होत्या. मोठमोठ्या. आत माणसं घड्याळ बघत बसली होती. आम्ही जाईपर्यंत थांबली होती.

तिसाच्या पुढचा किलोमीटर असेल. पोटऱ्यांत गोळे आले होते. मागून कुठल्यातरी मोटरसायकलीचा हॉर्न वाजला आणि मी सटकन कडेला झाले. फूटपाथला पाय लावला. वाकले. हात बुटाच्या नाडीपर्यंत गेला.

तिथे एक वयस्क हवालदार उभा होता. त्याला वाटलं, मी दमले. म्हणाला, "बाई, मधून पळा. तुमच्यासाठीच बंद केलाय रस्ता."

त्याने रोजच्यासारखं सांगितलं, पुढच्यालाही तेच सांगितलं असेल. मी नाडी सोडली. मधे आले. उरलेलं अंतर मी रडत पळाले आणि मला त्याची लाज वाटली नाही. बाकी सगळ्याची वाटली. त्या रिकाम्या रुंद रस्त्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं की बाला त्या दिवशी कोणी काय केलं होतं, आणि त्यात मी काय केलं होतं. शेठने त्याला जनावरासारखं हाकलं. आणि मी त्याच्या पुढे जाऊन शाबासकी घेतली.

माझा फोटो तालुक्याच्या पेपरात आला. पाड्यावरची बाई बेचाळीस किलोमीटर पळाली, याचं सगळ्यांना कौतुक. डोळखांबला सत्कार ठेवला. मोठा शेठ तेव्हा वारला होता. सत्काराचा खर्च त्याच्या मुलाचा. बाला त्यांनी पुढे बोलावून बसवलं. खुर्ची दिली होती, पण बा खुर्चीच्या शेजारी खाली बसला.

धाकटा शेठ माइकवर म्हणाला, "आमच्या वडिलांची नजरच तशी होती. ही एवढीशी होती, तेव्हा आमच्या वाडीच्या रस्त्यावर त्यांनीच हिला पहिल्यांदा पळवली."

टाळ्या पडल्या. बाने मान खाली घातली.

मग मला सांगितलं, मॅरेथॉनने आयुष्य कसं बदललं यावर दोन शब्द बोला. पोरांना प्रेरणा मिळेल.

मी म्हटलं, "शेठनी मला नाय पळवली. माझ्या बाला पळवला. गाडीच्या म्होरं, चपला हातात घ्यायला लावून. गाडीतले पावने हसत व्हते. आनी मी हावरट, कोन मस्त बोलला म्हनून बाच्या म्होरं गेले. बिस्किटं खाल्ली. तो माजा पयला बक्षीस."

 मी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि खाली उतरले.

कुणाला वाटेल, बाने मला जवळ घेतलं असेल. नाही. तो पाड्यापर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. घर आल्यावर म्हणाला, "माजी लाज माज्यापाशी व्हती गो. तू ती गावाला दाखवलीस."

"तुजी नाय बा. माजी दाखवली."

त्याला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. मी त्याची माफी मागितली, तर म्हणाला, "कसली माफी, लहान व्हतीस." यातलं त्याला खरं काय वाटतं, मला माहीत नाही. माझ्यापुरतं सांगते, लहान होते हे मला पुरत नाही. त्याचे डोळे मी पाहिले होते, आणि तरी वेग वाढवला होता.

आता माझी बदली डोळखांबकडच्याच शाळेत झाली आहे. रोज सकाळी पाड्यावरच्या आठ-नऊ पोरी माझ्याबरोबर पळतात. दुसरे चांगले रस्ते आहेत, पण आम्ही वाडीच्याच रस्त्यावर पळतो. मधून. शहापूरला शर्यत असली की त्यांना नेते. कुणाचा नंबर येतो, कुणाचा येत नाही.

धाकट्या शेठची गाडी त्याच वेळेला निघते. मागे येते, हॉर्न वाजवते. पोरी आधी दचकायच्या, एकदोघी चरात उतरायच्या. मी त्यांना हाताला धरून वर आणायचे. आता उतरत नाहीत. ज्याला घाई आहे त्याने बाजूने जावं, जागा भरपूर आहे. तो जात नाही. त्याला आम्ही उतरलेलं बघायचं असतं. म्हणून गाडी पहिल्या गिअरात आमच्या मागे फाटकापर्यंत येते.

परवा बा समोरून येत होता. डोक्यावर भारा. गाडी दिसताच तो खाली उतरला, चपला हातात घेतल्या. मी हाक मारली, "बा, वर ये." तो आला नाही. त्याचं वय झालं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

माझं मी ठरवलं आहे. या रस्त्यावर मी पुन्हा कुणाच्याही पुढे जाणार नाही. ज्या पोरीचे पाय सगळ्यांत हळू, तिच्या मागे मी पळते. तिच्या आणि गाडीच्या मधे. हॉर्न वाजत राहू दे. गाडीला पुढे यायचं असेल, तर आधी माझ्यावरून यावं लागेल.