मागं कोण बसतं?

नव्वदच्या दशकात आडगाव नाक्यावर आमच्या गाडीचा एक मिस्तरी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वळताना चाकाजवळ कटकट वाजू लागली की तो तिथलं झिजलेलं रबरी बुश बदलायचा, गाडी जॅकवरून खाली घ्यायचा आणि नट शेवटचे आवळायच्या आधी विचारायचा, "मागं कोण बसतं?" रोजची माणसं आपापल्या जागी बसल्याशिवाय तो पाना लावत नसे. मला ते जरा विक्षिप्तच वाटायचं. "रोजचं वजन असताना आवळलं तरच बुश टिकतं," एवढंच तो सांगायचा.

माझे वडील, अण्णा, मागे डावीकडे बसत. वळणावरचा आवाज पहिल्यांदा त्यांनाच ऐकू येई. "ऐक, वाजतंय," ते म्हणत.

एका वर्षी दिवाळीनंतर मी एकटाच गेलो. बुश बदलून त्याने गाडी खाली घेतली.

"अण्णा नाय आले?"

"अण्णा गेले. महिना झाला."

पाना हातात तसाच धरून तो मागच्या सीटकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता रिकामीच आवळू ना?"

मी मान डोलावली, तेव्हाच तो गाडीखाली शिरला.

घरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर मी कान देऊन होतो. काहीच वाजलं नाही.